एका हाताचा चाकू

वर्तमानपत्रावर सतरा वस्तू होत्या. पातं एक. मुठीच्या प्लास्टिकच्या बाजू दोन. त्यांच्या आतून बसणारे पोलादी पत्रे दोन. त्यांपैकी एकाची लांब जीभ कापून आतल्या अंगाला वळवलेली, तीच पातं उघडल्यावर त्याच्या मागे येऊन त्याला अडवते. वॉशर दोन. पातं ज्यावर फिरतं तो जाड स्क्रू आणि त्याची नळी. पात्याला थांबवणारी खीळ एक. मुठीचे बारीक स्क्रू तीन. खिशाला अडकवायची क्लिप एक, तिचे स्क्रू दोन. आणि मुठीच्या पाठीत बसणारा एक काळा तुकडा, ज्याचं नेमकं काम काय ते अजून कळलं नव्हतं. घरात मोजपट्टी म्हणत त्या मुलीने पुन्हा मोजलं. सतराच.

वर्तमानपत्राच्या कडेबाहेर अगदी तसाच दुसरा चाकू होता, न खोललेला. हे घडीचे चाकू हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या टोपलीत जोडीनेच मिळायचे. दुकानदाराचं म्हणणं होतं की एक हरवतोच, म्हणून दुसरा. मोजपट्टीला मात्र जोडी पाहताच आनंद झाला होता: एक प्रयोगासाठी, एक तुलनेसाठी. तुलनेच्या चाकूला तिने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्याला हात लावायचा नाही असं स्वतःलाच बजावलं.

मोजपट्टी हे नाव तिला आत्याने दिलं होतं. चार वर्षांची असताना ती आत्याच्या कामाच्या खोलीतून लाकडी पट्टी पळवून घरभर फिरली होती आणि प्रत्येकाचं नाक मोजून आली होती. आता ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती, पुढच्या शिक्षणाच्या उत्तराची वाट बघत होती, आणि घरात मोजायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

आत्या वेताच्या खुर्च्या विणायची. घराच्या मागच्या खोलीत फरशीवर पाण्याची बादली, बादलीत भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि भोवती बैठका फाटलेल्या खुर्च्यांचा गोतावळा. बैठकीच्या चौकटीला चहूबाजूंनी भोकं असतात. आत्याचं सगळं आयुष्य त्या भोकांतून पट्टी वर काढण्यात आणि खाली नेण्यात गेलं होतं. इतकं, की रिकामं भोक तिला बघवत नसे. बोलता बोलता हाताला लागलेला वेताचा तुकडा ती कशातही ओवून टाकायची. घरातल्या कात्रीच्या मुठीला वेत होता, मोजपट्टीच्या बाबांच्या चष्म्याच्या काडीला होता, कपाटाच्या किल्लीला तर होताच. आई दवाखान्यात परिचारिका होती; तिच्या गणवेशाच्या काजातही एकदा वेत निघाला होता, आणि तो बघून रुग्णांनी नवा बिल्ला मिळाला का असं विचारलं होतं.

घरी परत आल्यावर मोजपट्टीने सहज म्हणून घरातल्या खुर्च्यांच्या पोटाखाली बारीक अंतर मोजायचा कॅलिपर लावला. बैठकीच्या खालच्या बाजूला प्रत्येक पट्टीची गाठ मारून उरलेलं टोक कापतात. आत्या त्याला शेपूट म्हणायची. जुन्या खुर्च्यांची सगळी शेपटं चार मिलिमीटर, फार तर सव्वाचार. मोजपट्टीला मजा वाटली: डोळ्यांच्या अंदाजाने माणूस इतकं सारखं कापतं कसं? मग ती कामाच्या खोलीतल्या नव्या खुर्च्यांकडे वळली. सात. नऊ. अकरा. पुन्हा नऊ.

तिने आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, जगात मोजायला दुसरं काही नाही का.

पण दोन दिवसांनी तिने आपण होऊनच सांगितलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. गाठ मारताना डाव्या हाताने ओली पट्टी ताणून धरावी लागते आणि तशीच धरून उजव्या हाताने कापावी लागते. पट्टी सोडली की ओली गाठ सरकते. तिच्या जुन्या चाकूचं पातं नखाने ओढून उघडायचं होतं. नख लावायला अंगठा लागतो. अंगठा दगा द्यायला लागला तशी ती पातं दातांनी उघडू लागली, आणि गेल्या महिन्यात समोरच्या दाताचा टवका उडाला. आता ती पट्टी सोडून देत होती, दोन्ही हातांनी चाकू उघडत होती, आणि गाठ सरकली तरी सुटू नये म्हणून शेपूट लांब ठेवत होती. हे सगळं तिने असं सांगितलं जणू शेजारच्या बाईबद्दल बोलतेय. शेवटी म्हणाली, "धाकट्याला कळता कामा नये."

धाकटा म्हणजे मोजपट्टीचे बाबा. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि स्वतःच्या बहिणीला स्वतःच्या दुकानातलं मलम लावायला लावणं हे त्यांचं जुनं, फसलेलं काम होतं. थंडीत त्यांनी ताईला अंगठा चोळताना पाहिलं होतं आणि काम सोड म्हणून मागे लागले होते. वाद चिघळला तेव्हा ताईने त्यांचं तोंड बंद करायला सांगून टाकलं होतं की ज्या दिवशी माझा चाकू मला उघडता येणार नाही, त्या दिवशी मी विणणं थांबवीन. तेव्हा हे बोलणं म्हणजे तिच्या दृष्टीने कधीच नाही असं म्हणणं होतं.

आणि मग परवा, ग्रंथपालबाईंनी विणायला दिलेल्या डुलत्या खुर्चीखाली अर्धी शिरलेली असताना, तिने हाक मारली होती, "मोजपट्टे, जरा हे उघड गं." मोजपट्टीने चाकू हातात घेतला, मान वर केली, तर दारात बाबा. हातात मलमाची नळी.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, कारण ओरडण्याला आत्याकडे उत्तर होतं. ते हळूच म्हणाले, "ताई, तू शब्द दिला होतास."

खुर्चीखालून वेताची पट्टी खसकन ओढल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "ही होऊ दे."

तर ग्रंथपालबाईंची खुर्ची ही शेवटची ठरली. बाबांनी त्या खोलीत काय करायचं ते मनात ठरवूनही टाकलं होतं: खिडकीशी ताईला एक छान आरामखुर्ची. आत्याने विचारलं, ती कोण विणणार. त्यावरही बाबांचं मत बदललं नाही.

म्हणून वर्तमानपत्रावर सतरा वस्तू होत्या.

मोजपट्टीचा विचार सरळ होता. नव्या चाकूच्या पात्यात अंगठ्यासाठी एक लंबगोल भोक होतं. अंगठा त्यात टेकवून ढकललं की पातं एका हाताने उघडतं. फक्त ढकलायला बळ लागत होतं. किती, ते तिने चाकू खोलण्याआधीच मोजलं होतं: भोकातून दोऱ्याचा फास घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेल्या ताणकाट्याचा हूक त्यात अडकवला आणि हळूहळू ओढलं. पातं हललं पाचशे चाळीस ग्रॅमला. मग आत्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर अंगठा दाबायला सांगितलं आणि दुखायला लागलं की थांब म्हटलं. आत्या थांबली दोनशेला, आणि तिचा चेहरा बघता ती खरं तर एकशे ऐंशीलाच थांबायला हवी होती. बळ ग्रॅममध्ये मोजणं मोजपट्टीच्या शिक्षकांना चाललं नसतं. पण न्यूटन हा शब्द उच्चारला असता तर आत्याने तो कुठल्या दुकानात मिळतो असं विचारलं असतं.

तेव्हा पाचशे चाळीसचे दीडशे करायचे, एवढंच काम.

तिने पोलादी पत्रे पॉलिश पेपरवर घासले, आधी जाड, मग बारीक, मग पाण्यात भिजवलेल्या सगळ्यात बारीक कागदावर, इतके की त्यांत खिडकीची चौकट दिसायला लागली. वॉशरच्या कडा साफ केल्या. मुठीच्या प्लास्टिकच्या कडा कानशीने गोल केल्या, म्हणजे ओल्या हाताला टोचू नयेत. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब नळीवर सोडला. जोडलं, मोजलं: चारशे दहा. पुन्हा खोललं. कुठेतरी काहीतरी अजून अडत होतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. जिभेच्या आतल्या अंगावर बोट फिरवलं तेव्हा ते सापडलं: खसखशीच्या दाण्याएवढा पोलादी ठिपका. पत्र्यातच ठोकून बसवलेला, म्हणून मोजताना वेगळा दिसला नव्हता. पात्याच्या अंगावर त्याच्यासमोर तेवढीच खळगी. चाकू मिटला की ठिपका खळगीत बसतो. उघडताना आधी त्याला खळगीतून वर काढावं लागतं. सगळा जोर तिथेच खर्च होत होता.

म्हणजे वस्तू अठरा होत्या. तिला इतका आनंद झाला की तिने आत्याला बोलावून तो ठिपका दाखवला. आत्याने बारीक डोळे करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढासा? माणसांतही असे असतात."

मोजपट्टीने ठिपका घासला. थोडा. अडीचशे. आणखी थोडा. दीडशे. हवा होता तो आकडा मिळाला होता. पण आकडा खाली येत असताना हात थांबवणं ही गोष्ट पदवीच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवलेली नव्हती. एकशे दहा. नव्वद. साठ. साठवर पातं नुसतं अंगठ्याच्या स्पर्शाने फिरायला लागलं, तळ्यातल्या माशासारखं, आणि तिने समाधानाने हात पुसले.

आत्याने चाकू उघडला. मिटला. उघडला. दुखलं नाही. दिवसभर कामाच्या खोलीतून तो उघडण्या-मिटण्याचा आवाज येत राहिला, काही कापायचं नसतानाही. बाबा दुकानातून जेवायला आले तेव्हा तिने त्यांच्या ताटाशेजारी चाकू ठेवला, एका बोटाने उघडून दाखवला आणि मीठ पुढे केलं. बाबांनी चाकू न्याहाळला. ठीक आहे म्हणाले. मग म्हणाले की खुर्ची होईपर्यंत बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. किंकाळी नव्हती, काहीतरी सांडल्यावर माणूस स्वतःवर वैतागतं तसा तो आवाज होता. मोजपट्टी धावली. आत्या फरशीवर बसलेली, ॲप्रनचा खिसा तळापर्यंत उभा फाटलेला, मांडीवर बोटभर लांब लाल रेघ. चाकू बादलीच्या तळाशी, उघडा. खुर्चीखालून वाकून बाहेर येताना तो खिशातच कसा कोण जाणे उघडला होता.

जखम अशी नव्हतीच; आईने ड्युटीवर जाता जाता औषध लावलं आणि ओरखडा आहे म्हणून निघून गेली. ती या दोघा भावंडांच्या मध्ये कधी पडत नसे. पण बाबांनी फाटका खिसा पाहिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडात उलगडला, एखादं न वाचता येणारं प्रिस्क्रिप्शन बघावं तसा, आणि मोजपट्टीकडे वळले. त्यांचं म्हणणं शांत होतं आणि म्हणून जास्त लागलं: आत्याचा हात वाचवायला निघालीस आणि पाय कापलास. राहिलेली बैठक दुसऱ्या कारागिराकडून करून घेऊ. चाकू राहू दे.

आत्या म्हणाली, "धाकट्या, अजून चार गाठी आहेत."

"चारच आहेत ना," बाबा म्हणाले. "मग कुणीही करेल."

हे बोलणं आत्याला ओरखड्यापेक्षा खोल गेलं असावं. ती उठून खिडकीशी गेली आणि बादलीतलं पाणी बदलायला हवं असं पाठमोरीच म्हणाली.

मोजपट्टीला रडू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते थांबेना: चाकू खिशात उघडला कसा? पातं सैल होतं हे खरं. पण खिसा काही अंगठा नाही. पातं उघडायला कुणीतरी ते धरावं लागतं आणि मूठ दुसरीकडे ओढावी लागते. खिशात कोण होतं?

तिने आत्याचा ॲप्रन स्वतःला बांधला, फाटका खिसा टाचण्यांनी जोडला, चाकू खिशात टाकला आणि खुर्चीखाली वाकली. काही झालं नाही. पुन्हा वाकली. उड्या मारल्या. आत्या खिडकीशी उभी राहून बघत होती, आणि रुसलेल्या माणसाला जेवढं हसू येऊ देणं शक्य असतं तेवढं तिला येत होतं. दहाएकदा वाकल्यावर मोजपट्टी थकून फरशीवर बसली आणि चाकू निरखून पाहू लागली. मग तिच्या लक्षात आलं की काल तिने दिला तेव्हा चाकू असा नव्हता. पात्याच्या भोकातून काहीतरी लोंबत होतं: वेताचा एक भिजून सुटलेला तुकडा.

"आत्या, हे काय?"

आत्याने वळून पाहिलं आणि जराशी ओशाळली. ओल्या बोटाला भोकाची कड गुळगुळीत लागत होती म्हणून तिने त्यात वेत ओवून पात्याच्या पाठीवर एक गाठ मारली होती, अंगठ्याला पकड यावी म्हणून. इतकं साधं होतं की सांगायचं राहून गेलं. आणि खरं म्हणजे, ती म्हणाली, भोक रिकामं होतं.

मोजपट्टी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बांध. अगदी काल बांधली होतीस तशी."

आत्याने बांधली. तिची गाठ बघण्यासारखी असायची: दोन वेढे, एक फास, आणि वर वाटाण्याच्या निम्म्याएवढा टणक फुगवटा. मोजपट्टीने चाकू खिशात उभा ठेवला, पात्याची पाठ खिशाच्या शिवणीकडे, आणि वाकली. या वेळी दिसलं. खिशाचं तोंड खाली झालं, चाकू स्वतःच्या वजनाने बाहेर सरकू लागला, पात्याच्या पाठीवरची गाठ खिशाच्या काठाला अडकली, पातं तिथेच थांबलं, मूठ खाली जात राहिली, आणि चाकू तिच्या डोळ्यांदेखत उघडला. ती सरळ झाली असती तर तो तसाच उघडा खिशात परत पडला असता. दुपारी तेच झालं होतं.

तिने चाकूचं वजन केलं: ब्याण्णव ग्रॅम. उघडायला लागतात साठ. म्हणजे तो स्वतःच्याच वजनाने उघडत होता. दीडशेवर थांबली असती तर उघडला नसता.

मग तिने हात लांबवून टेबलावरचा दुसरा चाकू घेतला, पांढऱ्या चिकटपट्टीचा, जिला हात लावायचा नव्हता ती तुलना.

"याला पण बांध," ती म्हणाली.

हा चाकू जसाच्या तसा होता, त्याचा ठिपका शाबूत, उघडायला पाचशे चाळीस. तिने तो खिशात उभा केला, वाकली, हलली, उड्या मारल्या, आत्याला खदखदून हसवलं. चाकू गाठीवर लटकत राहिला आणि मिटलेलाच राहिला. मग ती सरळ झाली, मुठीचं वरचं टोक चार बोटांनी आणि तळव्याने धरलं आणि चाकू खिशातून मागच्या अंगाने वर ओढला. खट्. हातात उघडा चाकू. अंगठा कुठेच लागला नव्हता. तो नुसता बाजूला उभा होता, पाहुण्यासारखा.

आत्या हसायची थांबली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

मोजपट्टीने पुन्हा केलं. मग आत्याने ॲप्रन स्वतःला बांधून केलं. पहिल्यांदा गाठ अडकलीच नाही. दुसऱ्यांदा अडकली पण काठाचं कापड चाकूबरोबर वर आलं आणि सगळा ॲप्रन गळ्याशी गोळा झाला. तिसऱ्यांदा खट्. चौथ्यांदा पुन्हा नाही. मोजपट्टी म्हणाली की कोरड्या कापडावर बरं चालतंय, ओल्यावर काठ लुळा पडतो. आत्या म्हणाली की लुळं पडणाऱ्या कापडाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको. तिने जाड वेताची वीतभर पट्टी घेतली, खिशाच्या काठाची शिवण उसवली, पट्टी आत घातली आणि वरून टाके मारले. मग खिशाच्या आत एक उभी शिवण घालून चाकूपुरता अरुंद कप्पा केला, म्हणजे तो आडवा पडू नये आणि पात्याची पाठ नेहमी एकाच बाजूला राहावी. फाटलेला तळ तिने दुहेरी कापडाने शिवला. सुई तिने तर्जनी आणि मधल्या बोटात धरली होती; अंगठ्याशिवाय शिवायला ती कधी शिकली ते मोजपट्टीला माहीत नव्हतं.

चाकूची क्लिप नुसतीच खिशात अडकत होती म्हणून मोजपट्टीने ती काढून टाकली. बाकी त्या चाकूला तिने काहीही केलं नाही. मुठीच्या कडा घासाव्यात असं वाटत होतं, पण आत्याने कानस तिच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आत्याने त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. खुर्ची पालथी घालून चालणार नव्हतं, कारण शेवटच्या पट्टीचा ताण वरून बघत बघतच ओढावा लागतो. म्हणून ती नेहमीसारखी बैठकीखाली एक खांदा घालून बसली. बाबा कपडे न बदलताच दारात उभे राहिले. त्यांनी दुपारी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायला सुरुवात केली, आणि वर नवीन जोडलं: चाकू उघडा करून फरशीवर शेजारी का ठेवत नाहीस, निदान तेवढं तरी. आत्या खालूनच म्हणाली की फरशीवरचा उघडा चाकू नेहमी दुसऱ्याच्याच पायाला सापडतो, आणि या घरात ते पाय बहुधा औषधवाल्याचे असतील. कात्रीचं विचारू नकोस, असंही म्हणाली. गाठ आणि लाकूड यांच्यामध्ये कात्रीचं एक पातं जातं, दुसरं जात नाही.

मग ती बोलायची थांबली. पट्टी डाव्या मुठीला दोन वेढे घेऊन ताणलेली होती, इतकी की तिच्यातून पाणी टिपकत होतं. पहिली गाठ. उजवा हात खिशाकडे गेला.

खट्.

पट्टी कापली गेली. बाबांनी नकळत एक पाऊल पुढे टाकलं होतं. आत्याने चाकू मिटला, खिशातल्या कप्प्यात उभा केला, दुसरी गाठ घेतली. खट्. तिसऱ्या वेळी गाठ काठावरून निसटली आणि चाकू मिटलेलाच हातात आला. आत्याने पट्टी सोडली नाही. चाकू खिशात परत ढकलला, शिवणीकडे जरा दाबला, आणि पुन्हा ओढला. खट्.

बाबा आता खाली बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर ती हिशेबी काळजी होती जी दुकानात गिऱ्हाईक दोन औषधं एकत्र घेतं तेव्हा यायची.

"उघडतो, ते दिसलं," ते म्हणाले. "पण मिटायला तर ती जीभ दाबावी लागते. ती कोण दाबणार? अंगठाच ना?"

मोजपट्टीने तोंड उघडलं, पण आत्याने आधीच चाकू पुढे केला होता.

"कापून झाल्यावर माझे दोन्ही हात रिकामे असतात, धाकट्या," ती म्हणाली, आणि डाव्या तर्जनीने जीभ बाजूला सारून उजव्या तळव्याने पातं मिटवलं. "आणि शब्द उघडायचा दिला होता. मिटायचा नव्हता दिला."

बाबांनी खिशाच्या काठावरून बोट फिरवलं, आतली वेताची पट्टी चाचपली, चाकूच्या पात्यावरची गाठ नखाने हलवून पाहिली. ती हलली नाही. मग त्यांनी चष्मा काढला, काडीच्या टोकाला आत्याने कधीकाळी ओवलेला वेताचा तुकडा होता तो त्यांच्या कानामागून निघाला, आणि चष्मा पुसून पुन्हा घातला.

"चौथी," ते म्हणाले.

आत्याने चौथी गाठ मारली. पट्टी ताणली. हात खिशाकडे गेला, आणि आवाज इतका लहान आला की मोजपट्टीला तो बादलीत पडणाऱ्या थेंबाचा वाटला. कापलेला तुकडा फरशीवर पडला. आत्याने खुर्चीखालून अंग बाहेर काढलं आणि भिंतीला टेकून बसली.

बाबा गुडघ्यांवर रांगत खुर्चीखाली गेले. त्यांनी मान वळवून बैठकीचं पोट बघितलं, बराच वेळ, आणि मग हात मागे करून बोटं हलवली.

"मोजपट्टे, दे इकडे. नाही, तूच ये. मोज."

मोजपट्टी त्यांच्याशेजारी आडवी झाली, कॅलिपरचे ओठ शेवटच्या गाठीला आणि कापलेल्या टोकाला लावले, आणि सरकपट्टी घट्ट केली. उजेड कमी होता म्हणून बाबांनी खिशातून दुकानाची छोटी विजेरी काढून धरली. तिने आकडा वाचला, खात्रीसाठी कॅलिपर काढून पुन्हा लावला, आणि पुन्हा वाचला.

शेपूट चार पूर्णांक एक दशांश मिलिमीटर होतं.